अख्ख्या गोष्टीत एक अक्षर

आनंदराव माने गेल्याचा फोन आला तेव्हा मी बडोद्याच्या निजामपुऱ्यात भाजीच्या लारीपाशी, म्हणजे हातगाडीपाशी, उभी होते आणि पापडी कोवळी आहे की जून, यावरून लारीवाल्याशी हुज्जत घालत होते. फोन ऋताचा होता. ऋता आमच्या रविवारच्या बैठकीतली सगळ्यांत धाकटी. "शैलामावशी, सर गेले... पहाटे, झोपेतच," एवढंच ती म्हणाली आणि मी म्हणाले, "बरं." माणूस गेल्याचं ऐकून कोणी "बरं" म्हणतं का? पण तोंडातून तेच आलं. लारीवाल्यानं माझा चेहरा पाहिला आणि हुज्जत सोडून दिली. "लई जाव बेन, लई जाव," म्हणत त्यानं पापडी माझ्या पिशवीत ओतली. रिक्षानं कारेलीबागेत त्यांच्या घरी जाताना रडू यायला हवं होतं, ते आलं नाही. डोक्यात एकच घोळत होतं, त्यांच्या त्या प्रश्नाचं आता काय? आदल्या आठवड्यात भेटले तेव्हाही त्यांनी तो विचारला होता. हिंचक्यावर, म्हणजे झोपाळ्यावर, पाय वर घेऊन बसले होते. आवाज बारीक झाला होता, पण डोळ्यांतली खोडकर चौकशी तशीच होती. "शैलाबेन, एवढी वर्षं धुंडाळलं, पण त्या गोष्टीत माझं असं नक्की काय निघालं?" मी काही बोलायच्या आत स्वतःच बोट वर करून म्हणाले, "एक अक्षर! अख्ख्या गोष्टीत एक अक्षर माझं!" त्यांचं हसणं खोकल्यात बुडालं. मी पाणी दिलं आणि निघाले. ती शेवटची भेट.

ज्यांना आनंदराव माहीत नाहीत, म्हणजे जवळजवळ सगळ्यांनाच, त्यांच्यासाठी सांगते. ते शाळेत विज्ञान शिकवत आणि मराठीत विज्ञानकथा लिहीत. बडोद्यात राहून मराठीत विज्ञानकथा लिहायच्या म्हणजे हौसेला मोल नाही म्हणतात त्यातलाच प्रकार. त्यांचे पणजोबा संस्थानच्या पागेत शिलेदार होते. आनंदराव स्वतः मात्र वरातीतला घोडा दिसला तरी फुटपाथ बदलत. गुजरात वेगळं राज्य झालं तेव्हा ते नुकते नोकरीला लागले होते. दिवसभर गुजरातीत ध्वनी आणि प्रकाश शिकवायचे, घरी येऊन मराठीत लिहायचे आणि मिळेल ते इंग्रजीत वाचायचे. पुण्याचे संपादक त्यांच्या नावाखाली "गुजरातमधील लेखक" असं छापायचे, आणि शाळेतले सहकारी त्यांना "मराठी माने साहेब" म्हणायचे. "दोन्हीकडे पाहुणा, त्यामुळे चहा दोन्हीकडे मिळतो," असं ते म्हणत. दर दिवाळीला त्यांच्या एकदोन कथा कुठल्या तरी अंकात यायच्या आणि रद्दीबरोबर जायच्या. तक्रार त्यांनी केल्याचं आठवत नाही.

मी टेलिफोन खात्यात होते. कामावरून आल्यावर वाचायचं वेड, त्यात एकदा स्वतःच एक गोष्ट लिहून बसले. ओळखीच्या एका बाईंनी सांगितलं की कारेलीबागेत मान्यांच्या घरी रविवारी दुपारी काही लोक जमतात आणि आपापलं लिहिलेलं वाचतात. गेले. माझी गोष्ट होती घरकाम करणाऱ्या एका यंत्राची. ते यंत्र मालकिणीच्या टोमण्यांना कंटाळतं आणि एके दिवशी भांडी न घासता ओट्यावर बसून राहतं. मी वाचून संपवलं. वाटलं, आता वाहवा होईल. तर हिंचक्यावरचे हे गृहस्थ चष्मा पुसत म्हणाले, "छान. आता सांगा, उसनं काय आणलंत?" माझं डोकं फिरलं. मी म्हणाले, "उसनं कशाला? माझी स्वतःची गोष्ट आहे." ते शांतपणे म्हणाले, "यंत्रमानव तुमचा?" मी कागदांकडे पाहिलं. "यंत्राला राग येतो, ही कल्पना तुमची?" मी कागद उलटे ठेवले. "आणि ते ओट्यावर बसून राहणं?" मी म्हणाले, "ते आमच्या भांडीवाल्या शांताचं. ती अशीच बसते." सगळे हसले. आनंदराव मात्र खुलले. "मग यंत्र इंग्रजांकडून आणि बसणं शांताबाईंकडून. आता दुसरा प्रश्न. वाटीत काय घालून परत दिलंत?"

हीच त्या बैठकीची रीत होती आणि ती त्यांनीच पाडली होती. शेजारणीकडून वाटीभर साखर आणली तर वाटी रिकामी परत करू नये, हे आपल्याकडे पोरीबाळींनाही शिकवावं लागत नाही. निदान दोन पेढे, नाहीतर मूठभर शेंगदाणे घालून द्यायचे. आनंदरावांचं म्हणणं असं की विज्ञानकथा लिहिणारा जन्मभर शेजाऱ्यांच्या वाट्या घेऊन फिरत असतो. काळात मागेपुढे जाणारं यंत्र, परग्रहावरचा पाहुणा, अदृश्य माणूस, विचार करू लागलेलं यंत्र... यातलं कुणाच्या घरी पिकतं? सगळं इकडून तिकडे गेलेलं. त्यात लाज नाही. लाज वाटी रिकामी परत करण्यात, आणि त्याहून जास्त लाज वाटी आपलीच आहे असं सांगण्यात. म्हणून गोष्ट वाचून झाली की चहाच्या आधी लेखकानं उसनवारी तोंडी सांगायची आणि मग वाटीत काय घातलं ते सांगायचं. पुष्कळांना हे जाचक वाटे. मी एकदा वाद घातला, की ह्या कल्पना आता जिऱ्यामोहरीसारख्या झाल्यात, फोडणी देताना जिरं मूळ कुठलं असं कोण विचारतं? ते म्हणाले, "खाणाऱ्यानं विचारू नये. करणाऱ्याला माहीत असलेलं बरं." एका गृहस्थांनी छाती पुढे काढून सांगितलं होतं की हे सगळं आपल्या पुराणांत आहेच, म्हणजे उसनवारीचा प्रश्नच येत नाही. आनंदराव म्हणाले, "सारू, सारू. बरं तर, मग पुराणांच्या नावावर टाका. पण वाटी दाखवा." ते गृहस्थ पुढच्या रविवारपासून यायचे बंद झाले. मला ही रीत हळूहळू फार आवडू लागली. आपल्या डोक्यात काय काय कुठून आलंय याचा माग काढत बसणं हा गोष्ट लिहिण्याइतकाच गमतीचा उद्योग आहे, हे मला त्या खोलीत कळलं.

एका रविवारी त्यांनी 'वाव' नावाची गोष्ट वाचली. वाव म्हणजे पायऱ्यापायऱ्यांनी जमिनीत खोल उतरत जाणारी विहीर. महाराष्ट्रात तिला बारव म्हणतात. वाचायच्या आधीच ते म्हणाले, "आज उसनं काही नाही. डभोईकडची ऐकीव हकीकत आहे, बाकी सगळं माझं." त्यांच्या तोंडून असं वाक्य आम्ही पहिल्यांदाच ऐकलं. गोष्टीत एक विज्ञानशिक्षक असतो. त्याच्या कानावर येतं की एका वावेत हाक मारायच्या आधीच तिचा प्रतिध्वनी ऐकू येतो. तो स्टॉपवॉच घेऊन उतरतो. तळाशी पोचतो, घड्याळाची कळ दाबायला अंगठा ठेवतो, तोंड उघडतो, आणि अंधारातून आवाज येतो... "ओ." त्याचा स्वतःचा आवाज नव्हेच. आणि प्रतिध्वनीही नव्हे, तर उत्तर. त्यानं अजून कुणाला हाक मारलेली नाही आणि कुणीतरी ओ दिलेली आहे. आता कुणाला हाक मारली म्हणजे ही ओ खरी ठरेल? तो आईचं नाव घेतो, मित्रांची घेतो, विद्यार्थ्यांची घेतो, मेलेल्या भावाचं घेतो. काही होत नाही. गोष्ट संपते तेव्हा तो तिथेच उभा असतो, आणखी एक नाव घ्यायला तोंड उघडून. वाचून संपल्यावर एकदम सगळे बोलू लागले. कुणाची ओ होती ती? आनंदराव म्हणाले, "मलाही माहीत नाही. माहीत असतं तर गोष्ट कशाला लिहिली असती?"

त्या वावेवर त्यांचा इतका भरवसा होता की त्यांनी ती शोधलीही होती. तरुणपणी ते डभोईच्या शाळेत शिकवत, रोज बडोद्यातल्या प्रतापनगर स्टेशनाहून छोट्या लाइनच्या गाडीनं अपडाउन करत. त्या गाडीत दवे नावाचे एक मास्तर असत. ती गाडी अशी सावकाश चाले की वाटेत उतरून बोरं तोडून परत चढावं, आणि तो वेळ काढायला दवेमास्तर डब्याला गोष्टी सांगत. ही हकीकत त्यांच्याच तोंडची, "आपल्या डभोईच्या पलीकडे" घडलेली. पुढे आनंदरावांची बडोद्याला बदली झाली, स्कूटर आली, लग्न झालं, आणि सुट्टीच्या दिवशी ते सुमनवहिनींना मागे बसवून त्या भागातली एकेक वाव पालथी घालू लागले. वहिनी हे रंगवून सांगत. "लोकांच्या बायका बागेत जायच्या, मी विहिरीवर. हे खाली जाऊन ओरडणार आणि मी वर चपला सांभाळत बसणार." एकदा एक शेतकरी येऊन विचारू लागला, "शुं खोवायुं, साहेब?" काय हरवलं म्हणून. आनंदराव खालूनच ओरडले, "खोवायुं नथी भाई, हजी मळ्युं नथी!" हरवलं नाही, अजून सापडलंच नाही. वाव कधी सापडली नाही, पण ती नाहीच असं त्यांच्या मनात कधी आलं नाही.

'वाव' एका मासिकाच्या दिवाळी अंकात छापून आली आणि कधी नव्हे ते लोकांनी त्यांना लिहिलं. नागपूरहून, कोल्हापूरहून, ती ओ कुणाची म्हणून विचारणारी पत्रं. पुण्याच्या एका प्रकाशकानं संग्रह काढायचं ठरवलं, नावही 'वाव'च. आनंदरावांचं पहिलंच पुस्तक होणार होतं. वय पन्नाशीच्या पुढे गेलेलं. आम्ही इथला खास लीलो चिवडा आणि पेढे आणून बैठक साजरीही केली. आणि मग त्याच मासिकाच्या पुढच्या अंकात एका वाचकाचं पत्र आलं. ही कल्पना लेखकाची नाही, कॉलेजात असताना आपण ती एका इंग्रजी गोष्टीत वाचली आहे, नाव आठवत नाही पण प्रतिध्वनी आधी येतो हे पक्कं आठवतं, असं त्यात होतं. संपादकांनी खाली एक ओळ जोडली होती, लेखकानं खुलासा करावा म्हणून.

मला त्या माणसाचा असा संताप आला की मी चार पानी उत्तर मनात लिहूनही काढलं. आनंदरावांचा चेहरा मात्र पांढरा पडला होता. "मी उसनं काही नाही म्हणालो होतो," एवढंच ते पुनःपुन्हा म्हणत राहिले. ज्यानं आम्हा सगळ्यांकडून मोहरीएवढी उसनवारी वदवून घेतली, त्याच्यावरच हे यावं! मी म्हणाले, "आनंदराव, तुम्ही चोरी केलेली नाही, हे आम्हाला माहीत आहे." ते म्हणाले, "ते मलाही माहीत आहे हो. पण मग ती माझ्याकडे आली कुठून?" रागाच्या जागी हा प्रश्न उभा राहिला आणि मग हटलाच नाही. त्यांनी प्रकाशकाला सांगून 'वाव' संग्रहातून काढून टाकली. चांगली गोष्ट गेली, नाव गेलं, उरलेलं पुस्तक दुसऱ्याच नावानं आलं आणि कुणाच्या लक्षातही राहिलं नाही. आम्ही भांडलो, वहिनी तर दोन दिवस बोलल्या नाहीत. पण ते ऐकेनात. म्हणाले, "ती कुणाची ते कळू दे. मग छापू."

दवेमास्तर तेव्हा हयात होते, डभोईतच. वहिनींचे गुडघे दुखत होते, म्हणून त्यांनी मला बरोबर पाठवलं. "एकटे गेले तर पुन्हा एखाद्या विहिरीत उतरतील," म्हणाल्या. आम्ही बसनं गेलो. मास्तर ओट्यावर खाट टाकून बसले होते, दात गेलेले, कान मात्र तिखट. आनंदरावांनी नमस्कार करून विचारलं की ती वाव नेमकी कुठल्या गावाला. मास्तर क्षणभर बघत राहिले आणि असे हसले की खाट हलली. "अरे माने, ए वाव क्यांय नथी! ए तो में अंग्रेजी चोपडीमां वांचेली वात!" म्हणजे ती कुठेच नव्हती. तरुणपणी कुठल्याशा जुन्या इंग्रजी मासिकात त्यांनी ती गोष्ट वाचली होती. त्यात डोंगर होता, बर्फाची खिंड होती. "पण आपणा डब्बामां डुंगर कोणे जोयेलो?" ते म्हणाले. डब्यातल्या कुणी डोंगर पाहिलाच नव्हता, तर लोकांना कळणार कसं? म्हणून मास्तरांनी डोंगराची वाव केली, आणि खरी वाटावी म्हणून डभोईच्या पलीकडे नेऊन ठेवली. आनंदरावांनी जरा दुखावल्या आवाजात विचारलं, "मास्तर, उसनी आहे हे तेव्हाच सांगायचं नाही का?" मास्तर म्हणाले, "वार्ता तो उछीनी ज होय ने, भाई. घरनी तो फरियाद होय." गोष्ट उसनीच असायची, घरची असते ती तक्रार.

मला वाटलं, परतीच्या वाटेवर हे गृहस्थ खचून बसतील. तर बस सुटल्यापासून ते खिडकीशी बसून खुदखुदत होते. इंग्रजांचा डोंगर छोट्या लाइनच्या गाडीत चढतो काय, डभोईला उतरून विहीर होतो काय, आणि एक मराठी मास्तर ती गुजरातची लोककथा समजून पुण्याला पाठवतो काय! ही चूक बडोद्याच्याच माणसाच्या हातून व्हायची. पुण्यातल्या माणसानं निदान पुस्तकातून उचलली असती. "आणि शैलाबेन, मास्तरांनी वाटीत काय घातलं बघा," ते म्हणाले, "डोंगर उलटा केला! डोंगर उलटा करून जमिनीत खोचला की वाव होते. मला हे जन्मात सुचलं नसतं." बडोद्याला उतरल्यावर सेवउसळीच्या दुकानापाशी रिक्षा थांबवून त्यांनी मला सेवउसळ खिलवली. आपल्या गोष्टीतली सगळ्यांत सुंदर वस्तू दुसऱ्याची निघाल्याचा एवढा आनंद झालेला माणूस मी दुसरा पाहिला नाही. त्यांनी त्या वाचकाला पत्रही लिहिलं, आपलं बरोबर होतं, आभारी आहे म्हणून.

पण मूळ गोष्ट काही मिळेना. मास्तरांना ना लेखक आठवत होता ना मासिक. बडोद्यातली ग्रंथालयं झाली, विद्यापीठातले ओळखीचे झाले. मास्तर वारले. आम्ही सगळे म्हातारे झालो. बैठकीला येणारी तरुण मुलं मराठीत वाचून गुजरातीत भांडू लागली आणि हिंदीत समजूत काढू लागली. त्यांतलीच ऋता. तिनं ही हकीकत ऐकली आणि संगणकावर महिनोन्‌महिने जुनी मासिकं उपसून अखेर ती गोष्ट काढली. छापून आणलेले ते कागद आनंदरावांनी हिंचक्यावर बसून भिंगानं वाचले, तेव्हा आम्ही सगळे समोर बसलो होतो. खिंड होती, बर्फ होतं, एकटा प्रवासी होता. तो बोलायच्या आधी त्याचाच आवाज त्याला ऐकू येतो. तो इतका घाबरतो की पुढे जन्मभर तोंड उघडत नाही. संपली गोष्ट. आनंदरावांनी शेवटचा कागद पुन्हा वाचला, मग पहिला पुन्हा वाचला. "ओ नाही," ते म्हणाले. "यात ओ नाहीच! मास्तरांच्या गोष्टीतही नव्हती." आणि ऐंशीच्या घरातला तो माणूस टाळी वाजवून म्हणाला, "एक अक्षर माझं!"

त्या दिवसापासून ते त्यांचं पालुपद झालं. कुणी आलं, गेलं, दूधवाल्याचा हिशेब झाला, की "एक अक्षर तर माझं आहे ना." स्वभावाप्रमाणे त्याचाही माग काढायला ते विसरले नाहीत. मला विचारत, तुम्ही कुठे वाचली होती का अशी ओ? ऋताला विचारत. मी म्हणायची, आता पुरे करा, एक अक्षर तरी सुखानं भोगा. तर म्हणायचे, "भोगतोच आहे हो. पण कुठून आली असेल, सांगा ना?" ह्या माणसाला स्वतःच्या मालकीच्या वस्तूचंही कुतूहल संपत नव्हतं, आणि मला त्याचा हेवा वाटायचा. आजही वाटतो.

ते गेल्यावर काही आठवड्यांनी ऋतानं आणि इतरांनी ठरवलं की 'वाव' छोट्या पुस्तकाच्या रूपानं छापायची, शेवटी त्यांची उसनवारी जोडून. ती लिहायचं काम माझ्याकडे आलं. वहिनींची परवानगी घ्यायला मी एका दुपारी कारेलीबागेत गेले. वहिनी म्हणाल्या, "आधी वाचून दाखव. मी ती एकदाच ऐकली आहे, तीही चहा करता करता." मी हिंचक्यावर बसून वाचू लागले, त्या खाली पाटावर लसूण सोलत बसल्या. ओ येते त्या जागी मी पोचले आणि त्यांच्याकडे पाहिलं, तर त्या हसत होत्या. मी पुढे वाचलं, आईचं नाव, मित्रांची नावं, विद्यार्थी, भाऊ... संपवलं. त्या म्हणाल्या, "सगळ्यांची नावं घेतली. बायकोचं घेतलं नाही बघ."

मला काही कळेना. मग वहिनींनी सांगितलं. आनंदरावांनी त्यांना आयुष्यात कधी नावानं हाक मारली नाही, त्या पिढीत कोण मारायचं? "अगं" म्हणायचे. तेही म्हणायची वेळ क्वचित यायची. हिंचक्याच्या कड्या करकरतात. ती करकर थांबली की वहिनींना स्वयंपाकघरात कळायचं, आता काहीतरी हवंय. त्या "ओ" म्हणायच्या. "मग हे तोंड उघडं ठेवून बघत राहायचे. म्हणायचे, मी अजून हाकच मारली नाही, तू ओ कशी दिलीस? लग्न झालं तेव्हापासून हे चाललेलं."

मी म्हणाले, "वहिनी, अहो, मग ती ओ तुमची! तुम्ही सांगितलं का नाहीत? एवढी वर्षं ते विचारत होते."

"मला कुठे विचारलं? तुला विचारलं, ऋताला विचारलं." त्या लसणाची सालं गोळा करत राहिल्या. "आणि काय सांगायचं गं? डोंगर त्या इंग्रजाचा निघाला. वाव मास्तरांची निघाली. एक अक्षर उरलं होतं त्यांच्यापाशी. रोज उठून सांगायचे, एक अक्षर तर माझं आहे. तेही काढून घेऊ?"

मी विचारलं की मग पुस्तकात काय लिहायचं. त्या म्हणाल्या, "पुस्तकात त्यांनी सांगितलं तेच. ओ त्यांची." आणि मी त्यांच्यावर हा जो लेख लिहिते आहे, त्यात? "लेखात काय लिहायचं ते लिही, लेख चार दिवसांत रद्दीत जातो. पण मी दिली होती असं लिहू नकोस. दिली नव्हती. उसनी नेली होती त्यांनी, न सांगता." असं म्हणून त्या चहा टाकायला आत गेल्या, आणि जाताना पदरानं डोळे पुसले ते मला दिसू नयेत म्हणून पाठ फिरवून पुसले.

मी बाहेर एकटीच हिंचक्यावर होते. पाय लावून झोका घेत होते, आनंदराव आता असते तर या बातमीनं केवढे हरखले असते ते मनाशी बघत होते. एक अक्षरही आपलं नाही म्हटल्यावर त्यांनी बहुधा टाळी वाजवली असती आणि पुन्हा सेवउसळ खिलवली असती. की त्यांना ते आतून माहीत होतं, आणि म्हणूनच ते सगळ्यांना विचारत होते, फक्त वहिनींना सोडून? याचं उत्तर आता मिळायचं नाही. कागद पिशवीत ठेवायला मी उठले. हिंचका हातानं धरून थांबवला, कड्यांची करकर बंद झाली.

आतून आवाज आला, "ओ!"

मग एकदम सगळं शांत झालं. भांड्याचाही आवाज नाही, पाण्याचाही नाही. त्या आत ओट्याशी तशाच थांबल्या असणार, हे मला भिंतीपलीकडून कळत होतं. मी हाक मारलेली नव्हती. मी घाईघाईनं, जरा मोठ्यानंच हाक मारली, "सुमनवहिनी!"